वाट मोकळी, आवाज बेताचा : टर्बो गाडीचा सायलेन्सर निवडताना

धाराशिवहून सोलापूर, लातूर किंवा बार्शीकडे नेहमी गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला टर्बोचं मोल उसाच्या हंगामात कळतं. रस्ता दुपदरी असतो, पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो आणि समोरून येणारा ट्रक फार लांब नसतो. अशा वेळी लागतो तो इंजिनाच्या मिनिटाला १८०० ते ४००० फेऱ्यांच्या मधला जोर. एक लिटरच्या छोट्या इंजिनातून तो जोर काढून देण्याचं काम टर्बो करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी पेट्रोल टर्बो ही हौशी लोकांची गोष्ट होती. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली, तेव्हा तिचं १.२ लिटरचं, १०५ पीएस ताकदीचं इंजिन नवलाईचं वाटलं होतं. आज चाकणला बनणाऱ्या कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस आणि रांजणगावची नेक्सॉन या गाड्या एमएच-२५ च्या पाट्या लावून गावोगावी फिरताना दिसतात. टर्बो आता घरच्या वापरात रुळला आहे.

गाडी जुनी झाली, कंपनीची वॉरंटी संपली किंवा सायलेन्सर सडला, की बाजारातला दुसरा एक्झॉस्ट बसवावा का, हा प्रश्न येतो. पिकअप वाढतो, ॲव्हरेज सुधारतं, आवाज भारी येतो, असं कुणीतरी सांगतं. या तीन गोष्टी एकाच पाइपातून निघत असल्या, तरी त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. वायूची वाट मोकळी करणं हे एक काम आणि आवाज मोठा करणं हे दुसरं. जोरात वाजणारा सायलेन्सर मोकळा असतोच असं नाही आणि मोकळा सायलेन्सर जोरात वाजलाच पाहिजे असंही नाही. हा फरक समजला, तर रोजच्या गाडीसाठी योग्य निवड करता येते आणि बरेचदा पैसेही वाचतात.

टर्बोला मागचा दाब नको असतो

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. मूळ विचार तोच राहिला आहे. इंजिनातून बाहेर पडणारा वायू अतिशय गरम आणि दाबाखाली असतो. तो एका छोट्या चाकावरून नेला, की ते चाक, म्हणजे टर्बाइन, फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला काँप्रेसरचं चाक असतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त भरली, की त्या प्रमाणात इंधन जाळता येतं आणि ताकद वाढते. पूर्ण जोरावर पेट्रोल इंजिनाचा वायू टर्बाइनपाशी ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातो.

टर्बाइनला ताकद मिळते ती तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबांतल्या फरकातून. टर्बाइनच्या मागे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला, दाब जितका कमी, तितकं तिला त्याच वायूतून जास्त काम काढता येतं. ती लवकर वेग घेते आणि टर्बो लागायला होणारा उशीर कमी होतो. ‘गाडीला थोडं बॅक-प्रेशर लागतंच’ हे गॅरेजांतून ऐकू येणारं वाक्य म्हणूनच टर्बो गाडीला लागू पडत नाही. ते आलं टर्बो नसलेल्या इंजिनांच्या अनुभवातून. त्या इंजिनांत एका सिलिंडरमधून निघालेली दाबाची लाट पाइपातून परतताना पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत करते. फार मोठा पाइप लावला, की वायूचा वेग पडतो, लाटांचं गणित बिघडतं आणि खालच्या फेऱ्यांवरचा जोर जातो. तिथेही उपयोग दाबाचा नसतो, लाटांचा असतो. टर्बो इंजिनात टर्बाइनच या लाटा मोडून टाकते, त्यामुळे तिच्यामागे पाइप जेवढा मोकळा तेवढा चांगला.

आपल्या भागापुरता टर्बोचा एक फायदा इथे सांगायला हवा. धाराशिव शहर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो. साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो मात्र थोडा जास्त फिरून ही तूट भरून काढतो. त्यासाठी त्याला जी जास्तीची मेहनत पडते, ती मागची वाट मोकळी असेल तर कमी होते.

मग नवा पाइप बसवला, की ताकद वाढली असं होतं का? आजच्या गाड्यांत तसं सहसा होत नाही आणि त्याचं कारण संगणकात आहे. किती फेऱ्यांवर किती टॉर्क द्यायचा आणि त्यासाठी किती बूस्ट, म्हणजे भरलेल्या हवेचा दाब, ठेवायचा, हे इंजिनाचा ईसीयू ठरवतो. मागचा दाब कमी झाला आणि टर्बाइन सहज फिरू लागली, तर ईसीयू वेस्टगेट, म्हणजे वायूला टर्बाइन टाळून जाऊ देणारी झडप, जरा जास्त उघडतो आणि बूस्ट ठरल्या आकड्यावरच धरतो. इंजिनाला वायू बाहेर ढकलायला थोडे कमी कष्ट पडतात, टर्बो किंचित आधी लागतो, पण कंपनीने नेमून दिलेला १७० किंवा १७८ न्यूटन-मीटरचा टॉर्क फारसा हलत नाही. मोठी वाढ हवी असेल तर ईसीयूचं प्रोग्रॅमिंगही बदलावं लागतं. मग क्लच, गिअरबॉक्स, इंजिनातली उष्णता आणि प्रदूषणाच्या मर्यादा असे सगळेच प्रश्न एकदम उभे राहतात. नुसता मागचा सायलेन्सर बदलून ‘दहा-पंधरा पीएस वाढतात’ असं कुणी सांगितलं, तर आधी आणि नंतर ताकद मोजणाऱ्या त्याच यंत्रावर, म्हणजे डायनोवर, सारख्याच हवामानात काढलेला आलेख मागावा.

अडथळा कुठे असतो

वायूचा प्रवास क्रमाने पाहू. आधी मॅनिफोल्ड, मग टर्बो. त्याला लगटून डाउनपाइप आणि त्यातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट. कॅटच्या अलीकडे-पलीकडे ऑक्सिजन सेन्सर. पुढे इंजिनाची थरथर सोसणारा लवचीक फ्लेक्स पाइप, गाडीच्या पोटाखाली रेझोनेटर आणि शेवटी मागच्या बंपरखालचा मुख्य डबा. कॅटपासून शेवटपर्यंतचा सगळा भाग बदलला तर त्याला कॅट-बॅक म्हणतात. मागच्या ॲक्सलनंतरचा डबाच बदलला तर तो ॲक्सल-बॅक.

वायू टर्बोपाशी सर्वांत गरम, म्हणून सर्वांत फुगलेला आणि वेगवान असतो. दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, त्यामुळे सगळ्यात जास्त अडथळा डाउनपाइप आणि कॅट यांच्यापाशी होतो. शेपटीकडे जाता जाता वायू थंड होतो, आक्रसतो आणि त्याचा वेग उतरतो. वाट मोकळी करण्याचा मोठा फायदा याच पुढच्या भागात मिळतो आणि नेमक्या याच भागाला हात लावू नये. कॅटमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर होतं. सुमारे २५०-३०० अंशांच्या पुढे ते काम सुरू होतं. गाडी सुरू केल्यावर ते तापमान लवकर गाठता यावं, म्हणूनच कॅट टर्बोला खेटून बसवलेला असतो. तो काढला, की मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीच्या वेळी पंचाईत होते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे विषारी वायू आपल्याच गल्लीत सुटतात. ‘डी-कॅट’ नावाने मिळणारा पाइप रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही, हे ठामपणे सांगायला हवं.

राहिला कॅट-बॅक. त्यातून रोजच्या वापरात किती फरक पडेल, याचा अंदाज साध्या हिशेबाने घेता येतो. एक लिटरचं ११५ पीएसचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला साधारण ३४ लिटर पेट्रोल जाळतं. तीच गाडी हायवेवर ८० च्या वेगाने, लिटरला १८ किलोमीटर देत चालली असेल, तर तासाला साडेचार लिटरही लागत नाही. पूर्ण जोरावर मिश्रण थोडं घट्ट असतं, ते धरलं तरी स्थिर वेगात सायलेन्सरमधून जाणारा वायू पूर्ण ताकदीच्या साधारण एक-सप्तमांश भरतो. तोटा वर्गाच्या हिशेबाने घटत असल्याने तो जेमतेम पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. थंड वायूमुळे प्रत्यक्षात आणखी कमी. तुळजापूर ते सोलापूर रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीत मूळ सायलेन्सर जवळपास अडवतच नाही. म्हणून एक्झॉस्ट बदलून ॲव्हरेज वाढण्याची आशा ठेवू नये. फरक जाणवलाच, तर ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबल्यावर, वरच्या फेऱ्यांत आणि थोडासाच.

खरोखर अडथळा आहे का, हे मोजताही येतं. जाणता मेकॅनिक कॅटनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी तात्पुरतं प्रेशर गेज बसवून पूर्ण जोरावर दाब किती चढतो ते पाहू शकतो. आकडा लहान असेल तर पाइप बदलून काही मिळणार नाही. अचानक मोठा आला असेल, तर डब्यातली आतली जाळी किंवा पत्रा सुटून आडवा आला असण्याची शक्यता असते. अशा वेळी लागते ती दुरुस्ती.

पाइप किती जाड असावा

पोकळ पाइपातला घर्षणाचा तोटा, वायू तेवढाच असताना, व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने घटतो. दोन इंची पाइपाऐवजी सव्वादोन इंची लावला, तर हा तोटा जवळपास निम्मा होतो. पहिल्या पाव इंचातच मोठा वाटा हाती येतो. नंतर प्रत्येक पाव इंचाला मिळणारा फायदा आटत जातो. त्या बदल्यात आवाज, वजन आणि गाडीखाली अडचण मात्र वाढतच राहते.

म्हणून १०० ते १५० पीएसच्या गाडीला सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर, पुरेसे होतात. कंपनीचा दोन इंची पाइप ठेवला तरी रोजच्या वापरात काही बिघडत नाही. १५० ते २२० पीएसला अडीच इंच. तीन इंची पाइप शोभतो तो तीनशेच्या आसपास ताकद काढणाऱ्या गाडीला. मोठ्या पाइपाने टर्बो गाडीचा जोर जात नाही, हे वर पाहिलं. पण तीन इंची पाइप मागच्या ॲक्सलवरून आणि टाकीच्या बाजूने काढायचा म्हणजे तो कुठेतरी पत्र्याला टेकतो, नाहीतर खाली लोंबतो. स्लाव्हिया किंवा व्हर्टसला जमिनीपासून १७९ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि पाच माणसं व डिकीत सामान भरल्यावर तीही घटते. गावाच्या वेशीवरचे उभे गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे ध्यानात घेता, जोडाचा फ्लँज मूळ पाइपापेक्षा एक बोटही खाली आलेला नको.

आवाजाचं शास्त्र

टर्बाइन लाटा मोडते म्हणजे आवाजही थोडा खाते. म्हणून टर्बो गाडी मुळातच शांत असते आणि मोकळ्या डब्यानेही ती शांत ठेवता येते. त्यासाठी डब्याच्या आत काय आहे ते पाहावं लागतं.

पहिला प्रकार कप्प्यांचा. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळणं घेत जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. खालच्या सुरातला घुमारा हा डबा चांगला आवरतो, पण वळणांमुळे दाब चढतो. दुसरा प्रकार सरळ आरपार जाणाऱ्या भोकाभोकांच्या नळीचा. नळीभोवती काचेच्या किंवा बेसॉल्टच्या धाग्यांची लोकर भरलेली असते. वायू सरळ निघून जातो आणि आवाज भोकांतून लोकरीत शिरून जिरतो. अडथळा नगण्य असतो आणि वरच्या सुरांतली कर्कशता छान जाते. खालचा घुमारा मात्र हा डबा नीट आवरत नाही. शिवाय काही वर्षांत लोकर उडून जाते, पाण्याने भिजून बसते आणि बसवताना गोड वाटलेला आवाज हळूहळू फाटू लागतो. चांगल्या एक्झॉस्टमध्ये दोन्हींचा मेळ असतो: पोटाखाली रेझोनेटर आणि मागे मोठा, सरळ नळीचा डबा.

यातला ‘मोठा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वाट न अडवता आवाज मारायचा असेल तर डब्याला घनफळ लागतं. मूठभर आकाराचा चकचकीत डबा दिसायला देखणा असतो, पण त्यात आवाज जिरायला जागाच नसते. दुकानात पाइपाच्या तोंडाचा व्यास विचारण्याआधी डब्याची लांबी-रुंदी विचारावी. तोंडावरच्या चार इंची टिपने वायूच्या वाटेत काहीही बदलत नाही.

लांबच्या प्रवासात सर्वांत त्रास देतो तो घुमारा. त्याचं गणितही सोपं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात दीड. वरच्या गिअरमध्ये शंभरच्या आसपास इंजिन २४०० फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला ४० फेऱ्या होतात. म्हणजे चार सिलिंडरला ८० हर्ट्झ आणि तीन सिलिंडरला ६० हर्ट्झचा सूर. मोटारीची बंद केबिन याच पट्ट्यात घुमू लागते. उभ्या गाडीला रेस देऊन ऐकलेला आवाज कितीही सुरेल वाटो, येडशीहून बीडकडे तासभर एकाच वेगाने चालल्यावर हाच सूर डोकं दुखवतो आणि मागे झोपलेल्या लेकराला उठवतो.

घुमारा मारण्यासाठी पाइपाला एक बंद तोंडाची फांदी जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या पाव पट असेल, तर आत गेलेली लाट उलटी होऊन परतते आणि मूळ लाटेला छेदते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धरला, तर ८० हर्ट्झसाठी दीड मीटरहून अधिक आणि ६० हर्ट्झसाठी दोन मीटरहून अधिक लांब फांदी लागते. छोट्या गाडीखाली एवढी जागा काढणं अवघड असतं, म्हणून तीन सिलिंडरच्या गाडीचा घुमारा आवरणं जास्त कठीण जातं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अभ्यासलेला, बारीक मानेच्या पोकळ डब्याचा रेझोनेटर इथे उपयोगी पडतो. तो कमी जागेत तेच काम करतो. रेझोनेटर काढून तिथे सरळ पाइप जोडण्याचा स्वस्त सल्ला म्हणूनच मानू नये. कंपनीने तो विशिष्ट सुरासाठी मोजूनमापून बसवलेला असतो.

विकत घेण्याआधी तोच एक्झॉस्ट बसवलेल्या, आपल्याच मॉडेलच्या गाडीत बसून हायवेवर अर्धा तास प्रवास करावा. काचा बंद ठेवून ८०, ९० आणि १०० वर थांबून ऐकावं. मोबाइलवरचा व्हिडिओ या कामाचा नाही. खालचे सूर त्याच्या छोट्या स्पीकरमधून येतच नाहीत.

धातू, जोड आणि सोयाबीनचं भुसकट

आपला प्रदेश कोरडा आहे, समुद्राचं खारं वारं नाही, तरी सायलेन्सर सडतात ते आतून. एक लिटर पेट्रोल जळलं, की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांब प्रवासात ते वाफ होऊन जातं. घर ते बाजार, बाजार ते शाळा एवढीच गाडी फिरली, तर डबा नीट तापतच नाही आणि आम्लयुक्त पाणी तळाशी साचतं. साधं लोखंड अशा वापरात लवकर जातं. कंपन्या बहुधा ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात. त्यात सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. वरून तांबूस दिसलं तरी ते टिकतं. ३०४ जातीचं स्टेनलेस आणखी टिकाऊ असतं आणि चकाकी राखतं, पण तापल्यावर जास्त वाढतं. दोन मीटरचा पाइप तीनशे अंशांनी तापला, तर ४०९ साधारण सात मिलिमीटर वाढतो आणि ३०४ दहा. ही वाढ सामावून घ्यायला फ्लेक्स पाइप आणि रबरी हँगर शाबूत असावे लागतात. पाइप गाडीच्या बॉडीला ताठ वेल्डिंग करून टाकला, तर कुठलातरी जोड फुटणारच.

पाइप वाकवण्याच्या दोन पद्धती आहेत. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो आणि आतलं तोंड आवळतं. आत मँड्रेल घालून वाकवला तर व्यास सगळीकडे सारखा राहतो. चेपलेल्या वळणांचा अडीच इंची पाइप मँड्रेलवर वाकवलेल्या सव्वादोन इंचीपेक्षा बरा असेलच असं नाही. वेल्डिंग टिग पद्धतीचं, आतून आर्गॉन सोडून केलेलं असावं. तालुक्याच्या गावचा कुशल वेल्डर ट्रॉली आणि नांगर जन्माचे जोडून देतो, पण दीड मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पाइपाचं काम वेगळं आहे. त्याचं यंत्रही वेगळं लागतं. हे काम ज्याच्या रोजच्या हातचं आहे, त्याच्याकडेच ते न्यावं. गळती तर अजिबात चालत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन ईसीयू चुकीचं इंधन टाकतो. पोटाखाली गळती असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वासही नाही आणि तो जीव घेतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक धोका आहे आणि तो शहरी लेखांत सापडत नाही. सुगीत सोयाबीन, ज्वारी, तूर रस्त्यावर पसरलेली असते. गाड्या तीवरून जातात आणि भुसकट गाडीच्या पोटाला जाऊन चिकटतं. कॅट आणि त्याच्या पुढचा पाइप शेकडो अंश तापलेला असतो. कंपनीने त्यावर पातळ पत्र्याचे उष्णतारोधक, म्हणजे हीट शील्ड, लावलेले असतात. एक्झॉस्ट बदलताना हे पत्रे आडवे येतात म्हणून काढून टाकले जातात आणि ‘ते नुसते खडखडतात’ असं सांगितलं जातं. हे पत्रे काढू देऊ नयेत. सैल झाले असतील तर क्लिपा लावून घट्ट करावेत. सुगीत रास ओलांडून आल्यावर गाडी थांबवून खाली वाकून पाहावं आणि वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ तापलेली गाडी उभी करू नये.

डिझेल गाड्यांबद्दल थोडक्यात. जवळपास प्रत्येक आधुनिक डिझेल मोटारीत टर्बो असतो, पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे तिच्यात काजळी अडवणारा डीपीएफही असतो. तो मधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून आतली काजळी जाळतो. गाडी सदैव जवळच्या अंतरावरच फिरत राहिली तर हे जळण पूर्ण होत नाही आणि फिल्टर तुंबतो. आठवड्यातून एकदा हायवेवर स्थिर वेगाने अर्धा-पाऊण तास चालवणं हा त्यावरचा सरळ उपाय आहे. फिल्टर कापून पोकळ डबा बसवणं बेकायदा आहे आणि मागून चालणाऱ्याच्या फुप्फुसांवर अन्याय आहे.

कायदा काय म्हणतो

भारतात नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीसाठी निर्मितीच्या टप्प्यावरची आवाजाची मर्यादा १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबल आहे. गाडी वेग घेत पुढून जाते आणि साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन ऐकतो, अशी ती चाचणी असते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या घेतात. डेसिबलचं माप चढत्या पटीचं आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि तीन महिन्यांसाठी परवानाही जातो. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ (४) खाली मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवले आहेत. त्यांत बहुतेक दुचाकींचे असले, तरी कायदा चारचाकीलाही तोच आहे.

परदेशी बनावटीच्या काही सायलेन्सरांवर युरोपची ‘ई’ खूण असते. विशिष्ट मॉडेलवर त्याच्या आवाजाची चाचणी झाली आहे, एवढं ती सांगते. दर्जाचा अंदाज घ्यायला ती बरी, पण भारतात ती परवानगी ठरत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, नाहीतर अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते. आणि मूळ सायलेन्सर कधीही भंगारात देऊ नये.

निवडीचा क्रम

सगळं लक्षात घेऊन रोजच्या टर्बो गाडीसाठी मी हा क्रम सुचवेन. सायलेन्सर शाबूत असेल, तर तो बदलू नका. पिकअप कमी वाटत असेल, तर आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंटरकूलरचे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा तपासा. टर्बो गाडीचा जोर बहुतेक वेळा दाबलेल्या हवेच्या गळतीत जातो. सायलेन्सर सडला असेल, तर पहिली पसंती कंपनीच्याच भागाला. तो फार महाग पडत असेल किंवा मिळत नसेल, तर कॅट आणि सेन्सरना हात न लावता कॅटमागचा भाग तेवढ्याच व्यासाचा, मँड्रेलवर वाकवलेला, ४०९ किंवा ३०४ स्टेनलेसचा घ्या. रेझोनेटर ठेवा, मागचा डबा बसेल तेवढा मोठा निवडा, हीट शील्ड आणि हँगर जागच्या जागी परत लावून घ्या. आवाज मूळ गाडीएवढाच किंवा त्याहून कमी राहील, ही अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. आवाज वाढला तर काम परत, हे आधीच ठरवा.

आवाजाचा प्रश्न शेवटी आपल्यापुरता नसतोच. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. धाराशिवसारख्या शहरात अशी क्षेत्रं ओलांडल्याशिवाय गाव पार होत नाही. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता रात्रभर भवानीच्या दर्शनाला अनवाणी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. त्यांत म्हातारी माणसं असतात, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया असतात. त्यांच्या शेजारून जाताना गाडीची ताकद त्यांच्या कानांवर आदळायची काहीच गरज नाही. ताकद ओव्हरटेकच्या त्या चार सेकंदांसाठी असते, ती टर्बो देतो आणि ती देताना त्याला आवाज लागत नाही. कमी अडथळा आणि कमी आवाज या दोन्ही गोष्टी एकाच एक्झॉस्टकडून मागता येतात. अभियांत्रिकीला ते जमतं, म्हणून ग्राहकाने दोन्ही मागाव्यात आणि एकीवर समाधान मानू नये.